गोलसमोरची पांढरी रेघ

यान्बू,
शुक्रवार, २० नोव्हेंबर २००९

प्रिय सिराज,

गुणाजीदादाचा सलाम घे आणि रामरामही घे. पाकीट बघून घाबरला असशील. ईदेला आणि गणपतीला फोन करणारा माणूस एकाएकी कागद का काळे करायला बसला, असं वाटलं असेल. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, पण साठीला कोणाचे कुरकुरत नाहीत? फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मधेच "जाऊ दे रे दादा" म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं. तुझा तो स्वभाव आणि माझा हा. कागदाला तसं मधे बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. मला शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं किराणामालाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो, तेव्हा अक्षराला हसू नकोस. चष्मा लावून, बाहेर ओट्यावर निवांत बसून वाच. आणि शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. मधेच राग येईल. आला तरी पुढे वाच.

गेल्या महिन्यात इथल्या कॉलेजच्या नव्या हॉलमध्ये आपल्या टीमचा फोटो लावला. चांगला दाराएवढा, सोनेरी चौकटीत. चॅम्पियन, २००५. आत शिरणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिकडे जाते. नवी पोरं मला त्याच्यासमोर उभं करतात आणि अरबीतली दोस्ताची हाक मारून विचारतात, "या सादिक, हा तू?" कारण फोटोत डाव्या टोकाला मी आहे, कपाचा एक कान धरून, दात काढून. तू नाहीस. तू तेव्हा माजिदला घेऊन हॉस्पिटलात गेला होतास. त्या फोटोसमोरून दिवसातून चार वेळा जावं लागतं, सिराज. आता मी मागच्या दारानं, जनरेटरच्या खोलीवरून वळसा घालून जातो. माजिदच्या डोळ्याबद्दल तुला काही सांगायचं राहिलं आहे. साडेचार वर्षं राहिलं आहे. आपला हुसेनमियाँ गावाकडची रजा संपवून आला त्या दिवसापासून ते गळ्याशी आलंय. त्यानं काय खबर आणली ते शेवटी लिहितो, आधी लिहिलं तर माझा हात पुढे चालायचा नाही.

तो सीझन आठवतो का रे? आठवत नसेल असं कसं. आदल्या वर्षी आपली टीम सगळ्या कॉलेजांत शेवटची आली होती. कंपनीनं मला गवंडीकामावरून काढून मैदानावर टाकलं तेव्हा मी फुटबॉल हा प्रकार फक्त टीव्हीच्या दुकानाबाहेर उभं राहून बघितलेला. मला माहीत कबड्डी. गावच्या देवळापुढे शिमग्याला कबड्डीचं मैदान आखायचं काम माझ्याच घराकडे, फक्कीचं पोतं काखेत मारून सरळ रेघ ओढायची. आपले सुपरवायझर उल्हास साहेब म्हणाले, "गुणाजी, तुम्हाला रेघ सरळ येते ना, मग झालं." आणि तू दाभोळच्या खाडीवर जाळी विणणाऱ्या घरातला, तुझ्याकडे पोरांचे बूट, कपडे आणि मालिश. मी खाडीच्या अलीकडचा धोपाव्याचा, तू पलीकडचा. वीस वर्षं एकमेकांचे दिवे बघत काढली आणि ओळख झाली ती इथे, लाल समुद्राच्या काठी.

पहिली मॅच जुबैलला चार गोलांनी हरून बसनं परत येत होतो. तू मागच्या सीटवर बसून फाटके बूट शिवत होतास, जाळ्याच्या सुतानं, जाळ्याच्या गाठीनं. कोचनं विचारलं, हा दोरा टिकणार का? तू म्हणालास, "यात शार्क अडकतो, तुमच्या सेंटर फॉरवर्डचा अंगठा नाही अडकणार?" त्या दिवशी पहिल्यांदा पोरं हसली. पुढे गोलची जाळीसुद्धा तू नवी विणलीस. चेंडू आत गेला की सुरमई आत गेल्यासारखा तिथेच राहायचा, बाहेर उसळायचा नाही. पोरांना त्याचं असं वेड लागलं की सरावात उगाच जाळीत मारत बसायची.

आणि आपलं गाऱ्हाणं! मॅचच्या आधी कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, नळाच्या आडोशाला मी उभा राहायचो आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो, बा देवा, धोपाव्याच्या धन्या, ही पोरं परक्याची असली तरी मैदान माझ्या हातचं आहे, त्यांच्या पायाला इजा नको, कोणाचं काही वाकडं येऊ देऊ नकोस. आणि मागे तू, टोपी सारखी करत, हळूच "होय महाराजा". एकदा कोचनं बघितलं आणि विचारलं, हे दोघे रोज कोपऱ्यात काय करतात? तू क्षणाचाही वेळ न घेता सांगितलंस, "कोच, दादा पाण्याचा दाब बघतो, मी मोजून घेतो." त्यानंतर तो बिचारा प्रत्येक मॅचला आपल्याला विचारायचा, आज दाब कसा आहे? चांगला आहे म्हटलं की खूश. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपण एकही मॅच हरलो नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जिंकण्याचं श्रेय त्या दाबाला आहे.

आपला गोलकीपर माजिद तेव्हा एकोणीस वर्षांचा. बद्र गावच्या टॅक्सीवाल्याचा पोरगा, हातापायाच्या काड्या, पण उडी मारली की अंगाला हाडं नाहीत असं वाटायचं. तुला तो अम्मी सिराज म्हणायचा. अरबीत अम्मी म्हणजे काका, पण तू मुद्दाम लाजून पदर घेतल्यासारखं करायचास आणि सगळी ड्रेसिंग रूम लोळायची. मॅचच्या आधी तू त्याची दहाही बोटं एकेक करून खोबरेल तेलानं चोळायचास, मग हातमोजे चढवायचास. दुसऱ्या कोणाकडून तो हात चोळून घेत नसे. हे मी का लिहितोय ते तुला पुढे कळेल.

जेद्दाची सेमीफायनल आपण शेवटच्या मिनिटाला जिंकली, तिथपासून सगळं बिनसलं. मला आता तसंच वाटतं. त्या गोलनंतर आपण लहान पोरांसारखे नाचलो. तुझा चष्मा खाली पडला आणि कोणाच्या तरी बुटाखाली चुरडला. माझ्याही असेल. तू काचा वेचत हसत होतास, "कप आणू, मग डोळे आणू." शनिवारी मला रेघांच्या फक्कीची, म्हणजे इथल्या त्या न झोंबणाऱ्या खडूच्या भुकटीची, पोती मागवायचा कागद स्टोअरला द्यायचा होता. सेमीफायनल सांगता सांगता, मेसमध्ये, गेटवर, मशिदीबाहेरच्या चहावाल्याकडे, मी तो कागद खिशातच विसरलो. त्यात कोचनं आठवडाभर सरावाच्या मैदानावर नवनवे चौकोन आखून घेतले. सोमवारी उल्हास साहेबांनी विचारलं, "गुणाजी, फायनल आपल्या मैदानावर आहे, बाहेरचे पाहुणे येणार, सामान पुरेसं आहे ना?" मी पोतं उघडून न बघता म्हणालो, "सगळं तयार आहे साहेब, काळजीच सोडा." बुधवारी दुपारी पोतं उघडलं तर तळाशी जेमतेम दोन बादल्या फक्की.

आता जे लिहितो ते आत्ताआत्तापर्यंत कोणाला माहीत नव्हतं, सिराज. त्या स्टोअरात फक्कीच्या पोत्याला लागून चुन्याचं पोतं होतं. खजुरीच्या बुंध्यांना आणि रस्त्याच्या कडेला मारायचा पांढरा चुना. तुला ठाऊक आहे ते पोतं, सगळ्यांना ठाऊक झालं नंतर. त्यातला चुना मी बादलीनं काढला आणि फक्कीच्या पोत्यात मिसळला. एकास एक. काठीनं ढवळून एकजीव केला. गावाला आम्ही चुन्यानंच मैदानं आखत आलो, कबड्डीची पोरं त्यात उताणी-पालथी पडत आली, कधी कोणाला काही झालं नाही. पण तो पावसाळे खाल्लेला, जुना, मेलेला चुना. हा ताजा कोरडा होता. मी तपासला, असं नाही की तपासला नाही. चिमूटभर तळहातावर घेतला, नळाखाली ओला केला, चोळला. काही चरचरलं नाही, काही झोंबलं नाही. म्हटलं, मऊ आहे, चालेल. अरे, चाळीस वर्षं चुन्यात कालवलेला गवंड्याचा तळहात तो! त्याला इंगळीसुद्धा कळायची नाही. तुझ्या तेलकट मऊ हातावर टाकला असता तर त्याच क्षणी कळलं असतं. तू भिंतीपलीकडे बूट पुसत होतास. एक हाक मारायची होती फक्त. पण हाक मारली तर तू विचारणार, फक्की संपली कशी, आणि मग माझा खिशातला कागद निघणार. एवढ्याशा लाजेपायी मी हाक मारली नाही.

रेघा नेहमी माझ्या, बूट तुझे. पण गुरुवारी सकाळी साहेबांनी मला पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली गालिचे अंथरायला नेलं. मीच तुला म्हणालो, "सिराज, तेवढी रेघांची गाडी फिरव, सुतळ्या बांधून ठेवल्यात, सुतळीला धरून चाल, चष्म्याची गरजच नाही." तू डावीकडचं पोतं गाडीत ओतलंस. फक्कीचं. तू बरोबर पोतं ओतलंस, सिराज. हे वाक्य पुन्हा वाच. तू बरोबरच पोतं ओतलंस.

मॅच दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर सुरू झाली. त्याआधी कोपऱ्यात जाऊन मी गाऱ्हाणंसुद्धा घातलं, आणि तू होय महाराजा म्हणालास. पहिल्या अर्ध्यात आपला एक गोल झाला. मध्यंतराला मी नेहमीप्रमाणे पाण्याचे फवारे सोडले, दहा मिनिटं, गवत थंड व्हावं म्हणून. कोरडा होता तोवर बरा होता, त्यात पाणी मीच घातलं. तुला आठवत असेल, त्यांचा तो उंच खेळाडू एकटा घुसला आणि माजिदनं त्याच्या पायांवर सूर मारला. चेंडू छातीशी, आणि तोंड थेट गोलसमोरच्या रेघेवरून घासत गेलं. उठला तेव्हा डाव्या गालावर, भुवईवर पांढरा लगदा. त्यानं हातमोज्यानं डोळा चोळला, मोजाही पांढरा झालेला. तू पाण्याची बाटली घेऊन धावलास. कोच ओरडत होता, यल्ला यल्ला, चला लवकर, माती आहे, धुऊन टाक. तू दोन घोट पाण्यानं धुतलंस, टॉवेलनं पुसलंस. माजिद म्हणाला, बस, मी खेळतो. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती.

मी गोलच्या मागे होतो. दहा पावलांवर. माती कोणाला दिसली असेल, मला चुना दिसला. मला नाही कळणार तर कोणाला कळणार? आमच्या चिपळूणच्या कामावर एका बिगाऱ्याच्या डोळ्यात चुना उडाला होता, तेव्हा मुकादमानं त्याचं डोकं हौदात धरलं होतं, घटकाभर. तेव्हाच त्याचा डोळा वाचला. हे मला ठाऊक होतं. नळ माझ्या पायाशी होता, पाइप माझ्या हातात होता. मी नुसतं ओरडायचं होतं, चुना आहे, पोराला बाहेर काढा. आणि मी ओरडलो नाही. तोंड उघडलं तर लोक विचारणार, तुला कसं माहीत. त्या अकरा मिनिटांत मी एकदा स्कोअरबोर्ड बघत होतो, एकदा त्याचा मिटलेला डोळा. कॉर्नरवरचा तो शेवटचा चेंडू त्यानं एका डोळ्यानं पकडला. आज इथली पोरं ती गोष्ट एकमेकांना सांगतात, एका डोळ्यानं जिंकलेली फायनल म्हणून, आणि टाळ्या देतात. माझ्या अंगावर काटा येतो, पण त्यांना वाटतं अभिमानानं आला.

मग शिट्टी झाली, सगळे मैदानात धावले, माजिदला खांद्यावर घेतलं. तूच एकटा ओरडत होतास, "अरे त्याला खाली उतरवा, डोळा बघा त्याचा कसा झालाय." तूच त्याला गाडीत घातलंस. आणि इकडे कोणीतरी मला ओढलं, या सादिक, तू पण ये, आणि मी फोटोत उभा राहिलो.

डॉक्टरनं चुना म्हटल्यावर तुझा चेहरा कसा झाला ते माजिदनं मला नंतर सांगितलं. सेफ्टीवाल्यांनी गाडी तपासली, पोती तपासली. फक्कीचं रिकामं, शेजारचं चुन्याचं अर्धं, म्हणजे गाडी भरणाऱ्यानंच चुना ओतला असं ठरलं. बचाव करणाऱ्या पोरांच्या गुडघ्यांवर लाल चट्टे. उल्हास साहेबांनी ऑफिसात आपल्या दोघांना उभं केलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "गाडी कोणी भरली?" मी म्हणालो, "सिराजनं." एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोललो नाही. मग त्यांनी तुला विचारलं. मला वाटलं तू म्हणशील, मी फक्कीच भरली, पोत्यात काय होतं ते दादाला विचारा. मी उत्तरसुद्धा जुळवत होतो. आणि तू खाली मान घालून म्हणालास, "साहेब, चष्मा नव्हता. माझ्याच हातनं झालं असेल."

माझ्या पोरीचं, मीनाक्षीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. तिच्या सासरी सांगून ठेवलेलं की बाप सौदीत आहे, पक्की नोकरी आहे. मी ते कारण स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण खरं तेवढंच नाही. मी भ्यालो. तुरुंगाला भ्यालो, पासपोर्ट ताब्यात ठेवणाऱ्या मालकाला, त्या कफीलाला भ्यालो, आणि सगळ्यांत जास्त त्या कपाचा कान हातातून सुटेल याला भ्यालो. सहा दिवसांत कफीलाकडून तुझा पासपोर्ट आला, कायमचा परतीचा शिक्का मारून.

तुला सोडायला मी जेद्दापर्यंत आलो. विमान रात्रीचं, दिवसभर आपण शराफियाच्या बाजारात फिरलो. भाभीसाठी तू ओढणी घेतलीस, केरळवाल्याच्या हॉटेलात मासा खाल्ला आणि तू म्हणालास, "दादा, यांना तिरफळ घालायला शिकवा कोणीतरी." तेव्हाही तू मलाच हसवत होतास. त्या जेवणावर मी तीनदा तोंड उघडलं. एकदा पाणी मागितलं, एकदा भात मागितला, एकदा नुसतंच मिटलं. मग तुला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं, डोळे तपासून घेतले, दोन तासांत चष्मा करून घेतला. तू नको नको म्हणत होतास. घातलास, समोरची पाटी वाचलीस आणि एकदम रडायला लागलास. म्हणालास, "हा आधी असता तर, दादा." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. वर तू विचारलंस, "मला पक्कं आठवतं, मी डावीकडचंच पोतं उचललं. पण डोळ्यांचा काय भरवसा, नाही का?" आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "होतं असं कधी कधी." तुझी आठवण खरी होती, तीसुद्धा मी तुझ्याकडून काढून घेतली. चष्म्याची भरपाई केली आणि तुझे डोळे ठेवून घेतले. तू विमानात बसायला निघताना मला तुझी बूट शिवायची आरी दिलीस आणि म्हणालास, "माजिदला सांगा, मी मुद्दाम नाही केलं." ती आरी या पाकिटात मावत नाही, येताना आणीन.

माजिदच्या उजव्या डोळ्याला काही झालं नाही. डाव्या डोळ्यानं दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणतो. गोलमध्ये पुन्हा उभा राहिला नाही. रिफायनरीच्या ऑफिसात लागला, लग्न झालं, एक मुलगी आहे. दर रमजानला मला घरी बोलावतो, मी जातो, त्याच्या हातची कॉफी पितो. गेल्या शुक्रवारी गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या अरबीत, पण सगळं. अकरा मिनिटांसकट. तो म्हणाला, चुना मिसळला ती चूक होती, ती मी समजू शकतो. पण नळ तुझ्या पायाशी होता. एवढंच दोनदा म्हणाला, नळ तुझ्या पायाशी होता. कॉफीचा पेला त्यानं उचलून आत नेला. मला माफ केलं नाही, आणि करावं असं मीही म्हटलं नाही. दाराशी मात्र थांबवलं आणि तुझा नंबर लिहून घेतला. त्याचा फोन येईल, तो घे. तो तुला अजून अम्मी सिराजच म्हणतो.

उल्हास साहेबांकडेही गेलो. ते म्हणाले, "गुणाजी, पुढच्या महिन्यात तुम्ही तसेही घरी चाललात, आता हे उकरून काय मिळणार?" मी म्हटलं, साहेब, मिळवायला नाही आलो, फाइलमध्ये माझं नाव घाला आणि सिराजचं काढा. त्यांनी इंग्रजीत कागद केला, मी सही केली, शिक्का मारला. त्याची एक प्रत सोबत आहे. पोलिसांकडे द्यायचा तर द्या म्हणालो. ते म्हणाले, बघू. जे व्हायचं ते होईल. कोणी अडवलं नाही तर जानेवारीत मी धोपाव्याला असेन. फेरीबोट दहा मिनिटांत तुझ्या बाजूला लागते, पण तू बोलावल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही. नाही बोलावलंस तरी तुझं बरोबरच असेल. आरी बोटीवाल्याकडे देईन.

आता हुसेनमियाँची खबर. त्यानं ती सहज सांगितली, मेसमध्ये, भात कालवता कालवता. म्हणाला, तालुक्याच्या कॉलेजवाले सिराजकडे तीनदा येऊन गेले, आमच्या फुटबॉल टीमला सांभाळ म्हणून, पण तो मैदानाकडे फिरकत नाही. मग म्हणाला, त्याला नात झाली. चाळिसाव्या दिवशी शरफुन्निसाभाभीनं सुरम्याची सलाई त्याच्या हातात दिली, आजोबानं आधी घालायचा म्हणून, तर यानं हात पाठीमागे नेले. म्हणाला, या हातानं एका पोराचा डोळा गेलाय, हा हात लेकराच्या डोळ्याजवळ नको. अजून तो तिच्या तोंडाला हात लावत नाही, लांबूनच बघतो, असं हुसेनमियाँ म्हणाला, आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटत होतं मी तुझी नोकरी घालवली. मी तुझे हात घालवले, हे मला ठाऊक नव्हतं. त्यासाठी हे पत्र. माफीसाठी नाही. सिराज, त्या पोराचा डोळा ज्या हातानं गेला तो हात हा इथे कागदावर चालतोय, तो माझा आहे. तुझ्या हातांनी त्याची बोटं चोळली, त्याचे बूट शिवले, त्याचा डोळा धुतला आणि त्याला दवाखान्यात नेलं, दुसरं काही केलं नाही. पत्र बाजूला ठेव. भाभीकडून सलाई मागून घे. नातीला मांडीवर घे आणि तिच्या डोळ्यांत सुरमा घाल.

तुझाच,
गुणाजी